तीन नंबरचं बटण

माझ्या माहेरी टीव्हीच्या खाली एक पेटी आहे. ती आहे हे कोणाला सांगायचं नसतं. चार वर्षांपूर्वी ती बसवायला आलेल्या माणसाने बाबांना तसं दोनदा बजावलं होतं. मी आज सांगते आहे. न्यायची असेल तर खुशाल येऊन घेऊन जा.

ही पेटी मोजते. घरात कोणतं चॅनल लागलंय आणि ते कोण बघतंय, एवढंच तिचं काम. तिच्याबरोबर एक वेगळा रिमोट मिळतो आणि घरातल्या प्रत्येक माणसाला त्यावरचा एक नंबर. टीव्हीसमोर बसताना आपला नंबर दाबायचा, उठताना पुन्हा दाबायचा. दाबला की पेटीवर त्या माणसाचा बारीकसा हिरवा दिवा लागतो. अशा थोड्याथोडक्या घरांवरून म्हणे सगळी माणसं काय बघतात ते ठरवतात. श्रीवर्धनच्या बाजूला, सुपारीच्या वाड्यांत दडलेल्या आमच्या गावात ती पेटी नेमकी आमच्याच घरी का आली, देव जाणे. बाबांना मात्र सरकारी बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं.

ती बसवली तेव्हा मी तिथे होते. त्या माणसाने कागद काढून विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

बाबा म्हणाले, "एक नंबर मी. दोन नंबर माझा मुलगा."

"ते इथेच राहतात?"

"येऊन-जाऊन असतो."

येऊन-जाऊन! माझा दादा पंधरा वर्षं अमेरिकेत आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा पंधरा दिवस येतो, त्यातले चार दिवस पोट बिघडून झोपलेला असतो. त्याला दोन नंबर. आईला तीन. आणि मी?

"ती लग्न होऊन पलीकडं दिली," बाबा म्हणाले. "ती पाहुणी."

पाहुण्यांसाठी वेगळं बटण होतं. मी मुरुडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. दर दुसऱ्या शनिवारी आगरदांड्याहून फेरीबोटीत बसते, दिघीला उतरते, मिळेल त्या एसटीने किंवा रिक्षाने माहेरी येते, आईबाबांची औषधं, बाबांचा तंबाखू सोडून बाकी सगळं सामान भरून देते आणि रविवारी परत जाते. मी पाहुणी. हसून सोडून दिलं मी तेव्हा. आमच्याकडे पुष्कळ गोष्टी बायकांनी हसून सोडलेल्या असतात.

त्या माणसाने नियम सांगितला, की खोलीत जो कोणी टीव्ही बघत असेल त्याचं बटण दाबायचं. आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे हात केला.

"हिचं राहू द्या हो. ही काय बसून बघत न्हाय. उभ्यानं बघते."

"उभ्याने बघितलं तरी बघितलंच की, काका," तो म्हणाला.

बाबा हसले, मीही हसले. आई पदर तोंडाशी धरून आत गेली. तीन नंबरचं बटण त्या दिवसापासून कोणी दाबलं नाही.

टीव्ही बाहेरच्या खोलीत, बाबांची आरामखुर्ची त्याच्या बरोबर समोर. स्वयंपाकघराचं दार मागे, एका कडेला. तिथून पडदा तिरका दिसतो. दाराच्या आत आईचा पाट असतो आणि संध्याकाळी ती कधी दारात उभी राहून, कधी पाटावर बसून हातातलं काम करता करता टीव्ही बघते. असं तिथेच बसायचं हा नियम कोणी केलेला नाही. पण बाहेर खुर्च्या रिकाम्या असतानाही ती कधी येऊन बसली नाही आणि 'ये, बस' असं कोणी म्हटलं नाही. गावातल्या बहुतेक घरांत हेच. पुरुष टीव्हीसमोर, बायका दारात. एक कान कुकरकडे, एक कान मालिकेकडे. जाहिरात लागली की पोळी उलटायची.

त्या टीव्हीला एक खोड आहे, तीही सांगून ठेवते. मधेच चित्र जातं आणि आवाज तेवढा चालू राहतो. मागून दोन थपडा मारल्या की चित्र परत येतं. नवा घ्यायचं बाबा चार वर्षं म्हणताहेत, पण पेटी या टीव्हीला जोडलेली, म्हणून हाच ठेवलाय.

या वर्षी फेब्रुवारीत बाबांची पंच्याहत्तरी होती. त्यासाठी दादा आला, एकटाच, बायको-मुलं शाळेमुळे तिकडेच. रविवारी दुपारी जेवणावळ झाली. संध्याकाळी मंडप सोडून माणसं गेली आणि दादाने जाहीर केलं, "उद्या पहाटे पाचला सगळ्यांनी उठायचं. फायनल आहे."

त्यांच्याकडची ती फुटबॉलची फायनल. फुटबॉल म्हणायचा, पण चेंडू हातात घेऊन पळायचा आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. तिकडे रविवारची संध्याकाळ, आपल्याकडे सोमवारची पहाट. दादाचे डोळे चमकत होते. अमेरिकेच्या इतिहासात सगळ्यात जास्त बघितले गेलेले टीव्ही कार्यक्रम काढले, तर त्या यादीत जवळजवळ सगळ्या या फायनलच आहेत, वेगवेगळ्या वर्षांच्या, असं त्याने सांगितलं. मधे कुठेतरी माणूस चंद्रावर उतरला ते. एका राष्ट्राध्यक्षाने खुर्ची सोडतो म्हणून सांगितलं ते. आणि जुन्या काळच्या एका विनोदी मालिकेचा शेवटचा भाग. तो लागला तेव्हा म्हणे सगळा देश जागचा हलला नाही.

"चांद्यावरचा आम्ही रेडिओवर ऐकलेला," आई आतून म्हणाली. "मी शाळेत होते तवा."

"ऐकलेला. बघितला न्हाय," बाबा म्हणाले. "तो मोजत न्हायत."

मला राहवेना. मी दादाला म्हटलं, "सगळा देश हलला नाही, तर मग त्या दिवशी जेवण कोणी वाढलं? का घरोघरी ताटं आपोआप भरली?"

"तुझं सुरू झालं," दादा म्हणाला. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाला, की तिकडेही अशाच पेट्या असतात, अशीच मोजणी होते, उलट आता तर ते घराबाहेरच्यांनाही मोजतात. हॉटेलात, बारमध्ये, हातात ग्लास घेऊन उभ्याउभ्या बघणारेसुद्धा धरतात. म्हणून हल्ली आकडे वाढलेत.

बारमध्ये उभं राहून बघणारा माणूस मोजतात. ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

पहाटे पाचला आम्ही उठलो. मी शाळेतून सोमवारची रजा काढलीच होती. आई आमच्या आधी उठलेली. चुलीवर घावनाचा तवा, गॅसवर चहा. बाबांनी एक नंबर दाबला, दादाने मोठ्या ऐटीत दोन नंबर दाबला, आणि माझ्याकडे बघून पाहुण्यांचं बटणही दाबलं. तीन हिरवे दिवे. मी चटईवर बसले. आई आत.

दादा नियम समजावत होता. बाबा 'असं, असं' करत होते. त्यांना काही कळत नव्हतं, पण मुलाच्या शेजारी बसल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. चेंडू दहा पावलं पुढे गेला की खेळ थांबायचा आणि जाहिराती लागायच्या. दर जाहिरातीला आई घावन आणून ठेवायची. नारळाचा रस, गूळ, कडेला लसणीची चटणी. दादा म्हणाला, "आई, हे तिकडे मिळत नाही गं." ती म्हणाली, "खा रे, अजून हाय पीठ." एकदाही कोणी म्हटलं नाही की आता बस.

मीही म्हटलं नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फार शहाणी.

मध्यंतराला तिकडे मोठा गाण्याचा कार्यक्रम असतो. लोक म्हणे मॅच सोडून तेवढंच बघतात. मैदानावर रोषणाई, नाचणारी शेकडो माणसं, आकाशात आतषबाजी. दादाने हाक मारली, "आई, ये लवकर! हे बघ. असं आयुष्यात बघितलं नसशील."

आई पदराला हात पुसत दारात आली. आणि नेमकं तेव्हाच चित्र गेलं. पडदा काळाठिक्कर. गाणं मात्र दणक्यात चालू. "आयला," म्हणत दादा उठला आणि टीव्हीच्या मागे वाकला. बाबा प्लगकडे बघायला खुर्चीतून वळले.

"बघतेस ना गं?" दादाने मागूनच विचारलं.

"व्हय, बघत्ये की," आई म्हणाली. "किती लाईटी लावल्यात रे! डोळं दिपलं."

मी आईकडे बघत होते. तिचं तोंड टीव्हीकडे होतं, ओठांवर हसू होतं. समोर काळा पडदा होता.

मी चटईवरून उठून तिच्याजवळ गेले. "आई, आत्ता काय दिसतंय टीव्हीवर?"

"तेच गो. लाईटी."

"कुठल्या रंगाच्या?"

ती थांबली. "सगळ्या रंगाच्या."

"काय परीक्षा घेतेस तिची सकाळी सकाळी?" बाबा खेकसले, आणि खुर्ची सरळ करून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. गाणारी बाई गात होती. पडदा काळाच होता. बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली.

मी दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोर धरली. ती हसली आणि माझा हात शोधून खाली केला. शोधून. हात माझ्या कोपराला लागला, मग मनगटाला, मग बोटांना.

"आईला दिसत नाहीये," मी म्हटलं. "दादा, आईला दिसत नाहीये!"

दादाने टीव्हीला थप्पड मारली आणि चित्र आलं. लाल, निळे, पिवळे झोत खोलीभर नाचायला लागले, तिच्या तोंडावरूनही. तिच्या पापणीतही फरक पडला नाही.

यानंतर जे झालं त्याबद्दल मी दादाला अजून माफ केलेलं नाही. तो आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, तू बस जरा. मोतीबिंदू असेल. या वयात कॉमन आहे. आत्ता सहा-साडेसहाला कुठला डॉक्टर असणार आहे? हे संपू दे, मग आपण व्यवस्थित बघू."

हे संपू दे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी भिंतीवरचा स्विच खाडकन बंद केला. टीव्ही बंद, पेटी बंद, तिन्ही दिवे बंद. तोंडाला येईल ते बोलले. बाबांना बोलले, दादाला बोलले. आई मधे मधे "अगो, सणाच्या दिसाला असं बोलू नये," म्हणत राहिली. कसला सण? दादा फोन घेऊन पडवीत गेला. मला वाटलं, कुठल्या डॉक्टरला विचारतोय. थोड्या वेळाने मी बाहेर गेले तर फोनवर मॅचचा दुसरा भाग चालू होता. आवाज बंद करून बघत होता. मला बघून फोन उलटा ठेवला.

मी आईला लुगडं बदलायला लावलं, रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. बाबा रिक्षापर्यंत आले. "मी येऊ काय?" म्हणाले. मी म्हटलं, "नको. तुम्ही एक नंबर दाबून बसा." हे मी वडिलांना बोलले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रिक्षात मला एकेक आठवायला लागलं. आणि आठवेल तसा राग बाबांवरून, दादावरून सरकत माझ्यावर यायला लागला.

आई चहा ओतताना कपात बोट बुडवायची. कप किती भरला ते बोटाने बघायची. मी तिला ओरडायचे, "आई, बोट काय घालतेस? घाण दिसतं ते." ती म्हणायची, "बरं बाय." पुढच्या वेळी पुन्हा बोट. दोन वर्षांपूर्वी तिने पोथी वाचायची सोडली. म्हणाली, पाठ झाली आता. आम्ही कौतुक केलं. पालीच्या गणपतीला जायचं म्हटलं तर म्हणायची, गुडघे दुखतात. तांदूळ मी आले की निवडायला लावायची. फोन आला की म्हणायची, तूच बघ कोणाचा ते.

आणि सुपारी. वाळलेली सुपारी सोलून, चांगली एका टोपलीत आणि काळपट, डागाळलेली दुसऱ्या टोपलीत, हे काम आमच्याकडे वर्षानुवर्षं आईचं. दाराच्या आतल्या पाटावर बसून, मालिका बघत बघत. हात आपले चालू. गेल्या वर्षी व्यापाऱ्याने एक गोण परत पाठवली, चांगल्यात डागी मिसळलीय म्हणून. बाबा केवढे ओरडले. "टीव्हीत डोळं घालून बसतेस! हात कुठं, ध्यान कुठं!" मी तिथे होते. मी काय म्हणाले? मी हसून म्हणाले, "आई, तू मालिकावेडी झालीस हो." ती खाली मान घालून पुन्हा सोलायला लागली. बोटांनी सुपारीची साल कळते, आकार कळतो, भोक पडलेलं कळतं. डाग कळत नाही. तिने डागी सुपारी चांगल्यात टाकली, कारण तिला डाग दिसत नव्हता, आणि आम्ही सगळे म्हणालो, फार टीव्ही बघते.

दिघीला फेरीबोट लागलेलीच होती. गाड्या चढल्या, फळी उचलली. आईला मी कठड्याजवळच्या बाकावर बसवलं. वारा तोंडावर आला तशी ती सैल झाली. मी विचारलं, "कधीपासून?"

"दीस कुठं मोजलेत मी?" ती म्हणाली. "एकदम न्हाय गेलं. कडंकडंनं गेलं. पयल्यांदा दाराची चौकट गेली, मंग तुळस. मंग माणसं."

"आणि टीव्ही?"

"झाली असतील दोन वरसं."

"मग बघतेस काय रोज?"

"ऐकत्ये. आवाजावरनं कळतं कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय. चांद्यावर माणूस उतरला तो तरी कुठं बघितलेला? ऐकलाच होता."

"अगं, पण सांगितलं का नाहीस?"

यावर ती जे बोलली ते ती अजिबात रागावून बोलली नाही. भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसं सांगितलं तिने. "सांगितलं की. तुझ्या बाबांना सांगितलं, मला कडंचं दिसत न्हाय. ते म्हणाले गणपती होऊं दे, मंग बघू. मंग सुपारी आली. दादाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला चश्म्याचा नंबर बदल. तुला बी सांगितलं."

"मला?"

"तू म्हणालीस, मे महिन्यात सुट्टी लागली की जाऊ."

म्हणाले होते मी. मला जागा आठवली, वेळ आठवली. मागच्या दारी भांडी विसळत होते, तिने पाठीमागून म्हटलं होतं आणि मी वळूनही न बघता उत्तर दिलं होतं. त्यानंतर दोन मे महिने आले आणि गेले. एकात नणंदेचं लग्न होतं. दुसऱ्यात काय होतं ते आठवतसुद्धा नाही.

"पलीकडं दिसतं काय गो आता?" आईने विचारलं. मी सांगितलं, आगरदांड्याची जेटी दिसते, दोन होड्या आहेत, एक निळी. ती म्हणाली, "निळी व्हय?" आणि निळं आठवत असल्यासारखी तिकडे वळली.

अलिबागच्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवून बघितलं. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा कधीच गेला होता. डाव्याला उजेड-अंधार कळतो, डोळ्यांसमोर हात हलला तर तो हलल्याचं कळतं. तेवढं टिकवायला थेंब आयुष्यभर घालायचे.

"हे हळूहळू होतं," डॉक्टर म्हणाले, "पण घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

उत्तर आईनेच दिलं. म्हणाली, "मी सगळं करत होते ना, म्हणून."

खरं होतं ते. ज्या घरात ताट वेळेवर समोर येतं, त्या घरात ताट आणणारीचे डोळे कोणी बघत नाही. ती पडली असती, तिच्या हातून दूध उतू गेलं असतं, आमटी खारट झाली असती, तर आम्ही तिला दोन दिवसांत डॉक्टरकडे नेलं असतं. तिने आमचं काही अडू दिलं नाही आणि त्याची ही शिक्षा तिला मिळाली. आम्हाला नाही.

परतीच्या बोटीत मी रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. रागाने रडायला येतं तेव्हा पाठीवरून हात फिरवलेला सहन होत नाही, पण मी तो हात काढला नाही.

घरी आलो. बाबा पडवीतच उभे होते. मी डॉक्टरांचं सगळं एका दमात सांगितलं. ते "मला वाटलं चश्म्याचंच हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दादा रडला. मग तिकडच्या कोणत्यातरी मोठ्या हॉस्पिटलचं नाव घेऊन म्हणाला, "मी सेकंड ओपिनियन घेतो, रिपोर्ट्स मेल कर." मी केले. तिकडच्यांनीही तेच सांगितलं. गेलेलं परत येत नाही, हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती.

चार दिवसांनी दादा गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. मी हे नाकारत नाही. पण पुढच्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. त्या दिवशीच्या फायनलचा आकडा लागला होता. अमेरिकेच्या इतिहासात सगळ्यात जास्त बघितला गेलेला कार्यक्रम ठरला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'आपण सगळ्यांनी मिळून बघितला! आईने पण!' पुढे टाळ्यांच्या खुणा.

मी फोन टेबलावर आपटला. काच तडकली, ती अजून तशीच आहे. वाईट हेतूने लिहिलं नव्हतं त्याने, हे मला कळतं. त्याला ती पहाट चांगली आठवायची होती, म्हणून त्याने ती चांगली करून घेतली. मला ते जमत नाही. मी उलट लिहिलं, 'आईने बघितला नाही. त्या वेळी टीव्ही बंद पडलेला होता.' दोन दिवसांनी दादाने तो मेसेज काढून टाकला.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी संध्याकाळी माहेरी पोचले. दारातच थबकले. बाबांची आरामखुर्ची टीव्हीसमोर होती आणि तिच्यात आई बसली होती. पाय खाली सोडून, अवघडून, दुसऱ्याच्या घरात बसावं तशी. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मालिका चालू होती आणि बाबा तिला सांगत होते, "आता ती दार उघडते हाय. हिरवी साडी हाय तिची. हातात चिठ्ठी हाय."

थेंबांची बाटली त्यांच्या खिशात होती. वेळ झाली की तेच घालतात, हे आईने मला नंतर सांगितलं, थोडं लाजून. चहाही बाबाच करतात. तो वाईट असतो आणि ती पिते.

मला बघून बाबा उठले. पेटीचा तो रिमोट उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, नीट बघून एक बटण दाबलं. मला वाटलं पाहुण्यांचं दाबलं. पण पेटीवर एक आणि तीन असे दोनच दिवे होते. त्यांनी दोन नंबर दाबून दादाचा दिवा घालवला होता. दादा गेल्यापासून तो तसाच लागलेला राहिला होता.

मी तोंड धुवायला आत गेले. पाट दाराच्या आत तसाच होता, रिकामा. मला बाबांचं कौतुक वाटायला हवं होतं. नाही वाटलं. लग्न होऊन आल्यापासून इतकी वर्षं तिला दिसत असताना ती दारात उभी होती. रंग दिसत होते, माणसं दिसत होती, खुर्च्या रिकाम्या होत्या. तेव्हा नाही. आता तिला समोर बसवलंय, आता तिचं बटण दाबतात, आणि ती पेटी इमानेइतबारे कुठेतरी कळवत असेल की या घरात तीन नंबर रोज साडेसात ते नऊ टीव्ही बघते.

मी बाहेर येऊन आईच्या पायाशी चटईवर बसले. जाहिरात लागली. आई उठायला गेली, सवयीने, आणि बाबांनी तिच्या हातावर हात ठेवून तिला परत बसवलं.

थोड्या वेळाने तिने वाकून माझ्या कानाशी हळूच विचारलं, "माझा दिवा लागलेला हाय काय गो?"

"लागलाय, आई," मी म्हटलं. "हिरवा आहे."